कॉर्ग पॉलिसिक्स: दुरुस्ती आणि मिडी जोडणीच्या नोंदी

७ जून २०२५

यंत्र: कॉर्ग पॉलिसिक्स, कळांचा अ‍ॅनालॉग सिंथ (सिंथेसायझर). मॉडेल १९८१ सालचं. हा नग जपानच्या बाजारातला, म्हणजे १०० व्होल्टचा. सहा आवाज (म्हणजे एका वेळी सहा सूर वाजतात), ६१ कळा, ३२ प्रोग्रॅम, म्हणजे जुळवलेले नाद, साठवायची सोय. मालक आमच्याच बिल्डिंगमधले काका. ऑर्केस्ट्रात उमेदीची वर्षं त्यांनी यावर वाजवलं आणि बिघडल्यावर चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवून दिलं. त्यांचं मागणं थोडक्यात असं: "आवाज होता तसाच राहू दे. आणि लॅपटॉपवरून, ऑक्टोपॅडवरून वाजलं पाहिजे. जमेल का बघ." ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड. हे जमायला मिडी लागतं, म्हणजे एका वाद्याने दुसऱ्याला सूर वाजवायला सांगायची ठरलेली भाषा.

आज स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालू करून पाहिलं. दिवे लागतात. प्रोग्रॅमचं एक बटण दाबलं की दुसराच दिवा पेटतो, कधी दोन पेटतात. डावीकडच्या काही कळा मुक्या आहेत, काही भलताच सूर देतात. तरीही पांढरी एक धरून फिल्टरचा कटऑफ (वरचे सूर कुठून कापायचे ती सीमा) सावकाश उघडला, वर एन्सेंबल (एका वाद्याचा ताफा वाटायला लावणारा इफेक्ट) लावलं, आणि खोली भरून गेली. आवाज घडवणारी बाजू शाबूत आहे. बिघाड आहे तो कळा आणि प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या बाजूत.

पॅनल उचलल्यावर कारण समोरच होतं. केएलएम-३६७ हा मुख्य बोर्ड. त्यावर प्रोग्रॅम लक्षात ठेवण्यासाठी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली. ती फुटली आहे. आजूबाजूला हिरवट-निळी बुरशी चढल्यागत थर, आणि हिरव्या लेपाखालचे ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेघा, काळे पडलेले. त्या काळच्या इतरही काही प्रोग्रॅमेबल सिंथमध्ये अशीच बॅटरी असायची. चाळीस वर्षं ती तिथेच राहील असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसणार.

८ जून

कसं करायचं, हे आधी ठरवायला हवं, म्हणून आज फक्त वाचन आणि विचार.

एक मार्ग म्हणजे केएलएम-३६७ पूर्ण काढून त्या जागी आजचा तयार बोर्ड बसवायचा. असे बोर्ड मिळतात, त्यात मिडी असतं, भरपूर मेमरी असते, प्रत्येक नॉब मिडीवरून हलवता येतो. दुसरा मार्ग, बोर्ड ठेवायचा आणि फक्त कळा वाचणारा प्रोसेसर काढून तिथे नवा लावायचा. तिसरा, जुना बोर्ड जुन्याच चिपांसह बरा करायचा आणि मिडी बाहेरून आणायचं: नवं सर्किट कळांच्या तारांवर बसेल आणि सिंथला वाटेल की कुणीतरी बोटांनीच कळा दाबतं आहे.

मी तिसरा घेते आहे. पहिल्या दोन मार्गांना नावं ठेवायची नाहीत. ज्यांचा बोर्ड पार खाल्ला गेलाय त्यांना पर्यायच नसतो. पण इथला बोर्ड वाचू शकतो. शिवाय तिसऱ्या मार्गाचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. पॉलिसिक्समध्ये आर्पेजिएटर आहे (धरलेले सूर एकामागून एक वाजवणारा), कॉर्ड मेमरी आहे (एका कळेवर अख्खा कॉर्ड), युनिसन आहे (एका कळेवर सगळे आवाज), होल्ड आहे. ही सगळी करामत मूळ प्रोसेसरची. मिडीचा सूर कळेच्या वाटेने आत शिरला तर या सगळ्या गोष्टी मिडीवरूनही जशाच्या तशा चालतात, एक ओळही नवी लिहावी लागत नाही. आणि उद्या कुणाला मिडी नको झालं तर दोन कनेक्टर काढले की यंत्र पूर्ववत.

कामाचा नियम एकच: आवाजाच्या वाटेवर काहीही बदलायचं नाही. प्रत्येक आवाजाला एक ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा), त्याखाली सब-ऑसिलेटर, मग एसएसएम-२०४४ फिल्टर, एसएसएम-२०५६ एन्व्हलप (सुराचा चढ-उतार ठरवणारी चिप), आणि सगळ्यांच्या शेवटी कोरस, फेज, एन्सेंबल. हे तसंच राहील. एसएसएम-२०४४ ही डेव्ह रॉसम यांनी रचलेली चिप, सप्तकामागे २४ डेसिबलने वरचे सूर कापणारी. प्रॉफेट-५ ने १९७८ साली प्रोग्रॅम साठवणारा पॉलिफोनिक सिंथ आणला खरा, पण तो घेणं साध्या वादकाच्या आवाक्यातलं नव्हतं. पॉलिसिक्स अमेरिकेत २,००० डॉलरच्या आत आला. ऑसिलेटर प्रत्येकी एकच ठेवून खर्च वाचवला आणि एन्सेंबलने तो एकटेपणा भरून काढला. याची ओळख म्हणजे ते एन्सेंबल. त्यातली जुनी बीबीडी चिप (आवाज किंचित उशिरा पुढे सोडणारी) थोडी सळसळते, ती सळसळसुद्धा राहू द्यायची.

१४ जून

बॅटरी कापून काढली. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. बॅटरीतला द्रव म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडीला चांगला नाही.

हा द्रव अल्कली आहे, त्यामुळे आधी आम्लाने मारावा लागतो. नुसतं अल्कोहोल फिरवून तो जात नाही, पसरतो. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं करून जुन्या टूथब्रशने लावलं. फसफसायला लागलं, कारण हवेत राहून त्या द्रवाचा बराचसा पोटॅशियम कार्बोनेट झालेला असतो. फसफस पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. लिंबू वापरायचं टाळलं, त्यातली साखर बोर्डावर चिकटून राहते. मग डिस्टिल्ड पाणी, भरपूर. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल.

वाळवणं हे जूनमध्ये वेगळंच काम. बाहेर आभाळ भरलेलं, कपडे दोन दिवस ओले राहताहेत. खोक्यात ४० वॅटचा बल्ब लावून बोर्ड रात्रभर आत ठेवला.

१५ जून

ट्रॅकचं काम. दिवसभर भिंगाखाली.

लेपाखाली काळा झालेला ट्रॅक वरून अखंड दिसतो, मीटरही कधी कधी बीप देतो. पण टोकाने टोचला की भुसभुशीत निघतो. म्हणून बॅटरीच्या आसपासचा लेप ब्लेडने खरवडून काढला, तांबं गुलाबी दिसेपर्यंत. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, गोळा होऊन बाजूला सरकतो. गुलाबी झालं की फ्लक्स लावून सगळ्या ट्रॅकवर सोल्डरचा पातळ हात दिला. जिथे तांबं उरलंच नाही तिथे वायर-रॅपची बारीक तार एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत नेली, बोर्डाच्या मागच्या बाजूने, मूळ ट्रॅकच्याच वळणाने. वळण तेच ठेवलं की पुढच्या माणसाला सर्किटचा कागद हातात घेऊन ते वाचता येतं.

बॅटरीलगतच्या काही ४०५१ मल्टिप्लेक्सर चिपांचे पाय मुळाशीच कुजले होते. त्या काढून गोल पायांचे सॉकेट बसवले, नव्या चिपा लावल्या. ४०५१ आजही सहज मिळते.

या चिपांमुळे काय बिघडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पॉलिसिक्समध्ये नॉब थेट आवाजाला जोडलेले नाहीत. प्रत्येक नॉबचं व्होल्टेज मल्टिप्लेक्सरमधून एकेक करून मोजलं जातं, त्याचा आकडा होतो, तो आकडा प्रोग्रॅममध्ये साठवता येतो. मग तोच आकडा पुन्हा व्होल्टेज होऊन दुसऱ्या मल्टिप्लेक्सरमधून छोट्या कपॅसिटरांवर भरला जातो, आणि ते कपॅसिटर पुढची पाळी येईपर्यंत तेवढं व्होल्टेज धरून ठेवतात. वाटेत एक ट्रॅक तुटला तर एक नॉब मरतो. पत्ता ठरवणारी तार तुटली तर नॉबांची अदलाबदल होते. बटण एक आणि दिवा दुसरा, हा प्रकार त्यातलाच.

संध्याकाळी बोर्ड जोडून चालू केला. बटणं सरळ झाली. मुक्या कळांपैकी बऱ्याच बोलायला लागल्या.

२१ जून

पालख्या गावात मुक्कामाला आहेत, पेठेत जाणं शक्य नाही. हवे होते ते ट्रान्सफॉर्मरचे भाव पुढच्या आठवड्यावर.

घरी कळा. उरलेल्या मुक्या कळांचं बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं. कळेखाली रबराची पट्टी असते, तिच्या पोटाशी काळा कार्बनचा ठिपका. तो खालच्या बोर्डावर टेकला की जोड होते. ठिपके आणि बोर्ड दोन्ही अल्कोहोलने, कापसाच्या काडीने, घासायचं नाही, फक्त पुसायचं. वरच्या सप्तकातली दोन रबरं चिरलेली आहेत. ती सध्या टोकाच्या दोन कळांखाली सरकवली, नवी पट्टी मागवली.

२८ जून

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. सिंथला १०० व्होल्ट लागतात. बाजारातले स्वस्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बहुतेक ११० व्होल्ट देतात, आणि आपल्याकडे रात्री लाइन २३० ची २४५ झाली की तेही चढतं. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या जुन्या रेग्युलेटरला हा जादाचा भार उष्णता बनवून फेकावा लागतो. काकांचं यंत्र वर्षानुवर्षं असंच तापत राहिलं असणार. एका वाइंडिंगवाल्याकडून २४० ला १०० देणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, दोन वाइंडिंग वेगळी असलेला. ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको, हे त्याला कागदावर लिहून दिलं. त्यात लाइनपासून अलगपणा नसतो, स्टेजवर घामेजल्या हातांसाठी ते बरं नाही.

मूळ वायर दोन पिनांची, अर्थिंगची तार नाही. तीन तारांची वायर त्याच भोकातून घेतली आणि अर्थिंगची तार लोखंडी तळाला पक्की केली. पत्र्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही.

पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. १५ व्होल्टच्या दोन्ही रेल (अधिक आणि उणे पुरवठा) सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे लावल्या. ही पायरी बाकी सगळ्याच्या आधीची, कारण सूर आणि फिल्टर दोन्ही याच व्होल्टेजवर उभे आहेत. सप्लाय हलता ठेवून ट्यूनिंग करायला बसणं म्हणजे वेळ वाया.

६ जुलै

मेमरीची बॅटरी. जुन्या जागी बॅटरी पुन्हा लावायची नाही, एवढं नक्की.

सीआर-२०३२ चं होल्डर घेतलं आणि ते बोर्डापासून दूर, लाकडी बाजूच्या आतल्या अंगाला, लांब वायरवर बसवलं. उद्या ही बॅटरी गळली तरी गळेल ती लाकडावर. मूळ सर्किट यंत्र चालू असताना बॅटरी चार्ज करायचं. लिथियमच्या नाणेसेलला चार्जिंग चालत नाही, तो फुगतो किंवा फुटतो. म्हणून चार्जिंगच्या रेझिस्टरचा एक पाय उचलला आणि सेलच्या वाटेत शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेला जाऊ देणारा भाग) घातला. सेलचे ३ व्होल्ट, डायोडवर थोडं पडतं, तरी रॅमला आठवण धरायला लागतात त्या २ व्होल्टच्या ते बरंच वर राहतं.

एक प्रोग्रॅम साठवला, यंत्र बंद करून प्लगही काढला. रात्री लावून पाहिलं, प्रोग्रॅम जागेवर.

१३ जुलै

काका एक कॅसेट घेऊन आले. "हे बघ, कपाटात सापडलं. याच्यातलंच आहे बहुतेक." कव्हरवर निळ्या शाईत यादी: ए-१ व्हायोलिन, ए-३ बासरी (गोड), बी-२ ब्रास, डी-८ शिट्टी. पॉलिसिक्समधले प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात टेपवर साठवता येतात आणि परत भरता येतात. बॅटरी गेली तेव्हा आतलं सगळं पुसलं गेलं होतं. हे बाहेर राहिलं.

डेकवर लावली, सिंथने नाकारली. हेड साफ केलं, तरी नाही. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने पाव वेढ्याहून कमी फिरवत राहिले, कान त्या किरकिरीतल्या सगळ्यात वरच्या सुरांवर. जिथे किरकिर सर्वांत धारदार झाली तिथे थांबले. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याचं हेड किंचित तिरपं होतं, त्यामुळे वरचे सूर बोथट होत होते. या वेळी सिंथने सगळे प्रोग्रॅम घेतले.

ए-३ लावला. काकांनी उजव्या हाताने एक लांब मींड घेतली, पिच-बेंडवर, आणि म्हणाले, "हां. हाच."

तोच आवाज लॅपटॉपवर वेव्ह फाइल करून ठेवला, दोन ठिकाणी. एमपी३ करायचं नाही. त्यात जे कापलं जातं ते कानाला कळत नसलं तरी यंत्राला कळतं.

१९ जुलै

आता मिडी.

मिडी १९८३ साली आलं, प्रॉफेट-५ वाले डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने, एकमेकांशी स्पर्धा असलेल्या कंपन्यांनी मिळून ठरवलं. पॉलिसिक्स त्याच्या जेमतेम आधीचा. म्हणून त्यात ते नाही, आणि म्हणून हा उद्योग.

कळांच्या तारा जाळीत असतात: प्रोसेसर एकेका ओळीला पाळीपाळीने जागं करतो आणि परतीच्या तारांवर काय आलं ते वाचतो. आज लॉजिक अनॅलायझर (तारांवरचे संकेत वेळेनुसार दाखवणारं यंत्र) लावून ही पाळी पाहिली. ओळ जागी झाली की थोड्याच मायक्रोसेकंदांत प्रोसेसर परतीच्या तारा वाचतो. तेवढ्या फटीत माझ्या सर्किटला "ही ओळ का? मग या कळा दाबलेल्या आहेत" असं उत्तर द्यायचंय. उशीर झाला तर सूर चुकेल किंवा शेजारच्या ओळीत जाईल.

आधी मनात इलेक्ट्रॉनिक स्विचांची तयार जाळी होती. एका चिपमध्ये आठ बाय आठ स्विच मिळतात. पण कळांच्या जाळीत प्रत्येक कळेला स्वतःचा डायोड असतो, त्या चिपमध्ये नसतो. तीन सुरांचा कॉर्ड जाळीत चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर पडला की चौथा कोपरा आपोआप वाजतो. सा-ग-प सोबत न मागितलेला सूर. म्हणून तो विचार सोडला.

२७ जुलै

सर्किट तयार. आरपी-२०४० या मायक्रोकंट्रोलर चिपचा छोटा बोर्ड, १२५ मेगाहर्ट्झ, दोन कोर. तो ३.३ व्होल्टचा आणि सिंथ ५ व्होल्टचा, म्हणून ओळी वाचायला ७४एलव्हीसी२४५ आणि उत्तर द्यायला ७४एचसीटी२४५. एलव्हीसी ५ व्होल्ट पचवते, एचसीटी ३.३ ला "हो" समजते. परतीच्या प्रत्येक तारेवर डायोड, म्हणजे हाताने दाबलेली कळ आणि मिडीची कळ एकमेकींच्या आड येत नाहीत. दोघी एकाच वेळी वाजू शकतात.

सर्किट बसते कळांची केबल आणि केएलएम-३६७ यांच्यामध्ये. केबल यात, यातून पुढे बोर्डात. या जोडणीसाठी मूळ यंत्रावर एकही सोल्डर नाही.

मिडीच्या बाजूला एच११एल१ ऑप्टोकपलर. मिडीत दोन यंत्रांची ग्राउंड जोडायची नसते, प्रकाशाने निरोप जातो. स्टेजवर लॅपटॉपच्या चार्जरची घरघर पीएमध्ये, म्हणजे स्टेजच्या स्पीकरांत, शिरते ती बहुतेक वेळा ग्राउंडच्या वाटेने. मिडीच्या केबलमधून तरी ती येणार नाही. पाच पिनांची दोन डिन सॉकेट पत्र्याच्या छोट्या डबीत लावली, डबी मागच्या पत्र्याच्या असलेल्याच स्क्रूवर, आणि वायर तळ आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून आत.

३ ऑगस्ट

कोड. दोन कोरांची वाटणी सरळ आहे. एक कोर मिडी वाचतो आणि कोणत्या कळा दाबलेल्या आहेत याचा तक्ता ठेवतो. दुसरा कोर जन्मभर एकच काम करतो: कोणती ओळ जागी आहे बघ, तक्त्यातली तिची रांग परतीच्या तारांवर ठेव, पुन्हा बघ. सर्वांत खालची कळ म्हणजे मिडीचा ३६, सर्वांत वरची ९६. त्याबाहेरचं काही आलं तर दुर्लक्ष.

सूर वाजले. मात्र अधूनमधून, कोणताही नेम न धरता, एखादा सूर क्षणभर तुटायचा. अनॅलायझरवर उत्तर बहुतेक वेळा मायक्रोसेकंदाच्या आत दिसतं, पण मधूनच एकदा लांबतं. कारण असं: या चिपचा प्रोग्रॅम बाहेरच्या फ्लॅशमध्ये असतो आणि लागेल तसा कॅशमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या तात्पुरत्या मेमरीत, येतो. पहिला कोर मिडीचा कोड वाचायला गेला की कॅशमधून दुसऱ्या कोरचा तुकडा बाहेर ढकलला जातो, मग तो फ्लॅशमधून परत येईपर्यंत दुसरा कोर ताटकळतो. त्या छोट्या चक्राचा कोड सुरू होतानाच रॅममध्ये हलवला. त्यानंतर उत्तराची वेळ एका रेघेत आली. असं काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच करून ठेवावं. हा दोष शोधायला फार जड जातो, कारण अनॅलायझर योग्य क्षणी बघत नसेल तर तो दिसतच नाही.

१० ऑगस्ट

आज आनंदाचा दिवस. आर्पेजिएटर मिडीवरून चालतो. लॅपटॉपवरून चार सुरांचा कॉर्ड धरला, पॅनलवरचं बटण दाबलं, आणि सिंथ आपल्या १९८१ च्या बुद्धीने वर-खाली धावायला लागला. कॉर्ड मेमरी, युनिसन, सगळं. अपेक्षा हीच होती, तरी कानांनी ऐकण्यात वेगळं समाधान आहे.

आर्पेजिओचा वेग लॅपटॉपला बांधायचा होता. पॉलिसिक्सच्या मागे आर्पेजिओ ट्रिगरचा जॅक आहे. मिडी क्लॉक एका मात्रेला २४ ठोके पाठवतं. माझं सर्किट दर सहाव्या ठोक्याला त्या जॅकमध्ये एक पल्स देतं, म्हणजे मात्रेचे चार भाग. दर आठव्याला दिली तर तीन भाग होतात. दादरा वाजवणाऱ्याला हे दुसरं लागतं, म्हणून डबीवर छोटा स्विच ठेवला.

मागे दुसराही उपयोगी जॅक आहे, फिल्टरचा कटऑफ बाहेरच्या व्होल्टेजने हलवायचा. तिथे एमसीपी४७२५ या १२ बिटच्या चिपमधून व्होल्टेज देते आहे: मिडीचा मॉड्युलेशन व्हील किंवा सुराचा जोर, जे निवडाल ते. पॉलिसिक्सच्या स्वतःच्या कळांना जोर कळत नाही. ऑक्टोपॅडवर हळू मारलं तर फिल्टर मिटलेला, जोरात मारलं तर उघडा. या यंत्राने असं आधी कधी केलेलं नव्हतं. कटऑफ सहाही आवाजांचा एकत्र हलतो, त्यामुळे कॉर्डमध्ये प्रत्येक सुराला वेगळा जोर देता येत नाही. तसं करायचं तर आवाजाच्या बोर्डावर सहा तारा सोल्डर कराव्या लागतील. ते करणार नाही.

बाकीचे नॉब मिडीवरून हलत नाहीत. तो या मार्गाचा मोबदला आहे आणि मला मान्य आहे. काकांना विचारलं, ते म्हणाले, "नॉब हाताने फिरवायलाच तर घेतला होता."

वेगाबद्दल: मिडीचा एक बाइट ३२० मायक्रोसेकंद खातो, एक सूर तीन बाइट, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. चार सुरांचा कॉर्ड, रनिंग स्टेटस (पहिला बाइट पुन्हा न पाठवणं) धरून, २.८८ मिलिसेकंद. त्यावर सिंथची स्वतःची कळा वाचायची पाळी. बोटाला काही जाणवत नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी, घर शांत, ट्यूनिंग. यंत्र आधी तासभर चालू ठेवलं, पंखा बंद. पंख्याच्या वाऱ्याने सूर हलतात.

पॉली पद्धतीत पॉलिसिक्स प्रत्येक नव्या कळेला पुढचा आवाज देतो, सहा झाले की पुन्हा पहिला. त्यामुळे एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत गेलं की दर सहाव्या वेळी तोच आवाज भेटतो, आणि दोषी कोण ते कान सांगतो. सूर जुळवले ४४० च्या पट्टीला. मग फिल्टर: रेझोनन्स (कटऑफजवळच्या सुरांना दिलेला जोर) पूर्ण चढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी घालतो; सहाही शिट्ट्या एका सुरात आणायच्या.

चौथा आवाज शिट्टीच घालेना. सगळ्यात वाईट शक्यता म्हणजे एसएसएम-२०४४ गेली. मूळ चिप आता दुर्मिळ आणि महाग आहे. रॉसम यांचीच नवी एसएसआय-२१४४ मिळते, पण ती छोट्या आकाराची, जुन्या जागी बसायला अडॅप्टर लागतो. चिपला हात लावण्याआधी भोवतालचं तपासलं. चौथ्या आवाजाच्या रेझोनन्सचा ट्रिमर (बोर्डावरचा जुळवणीचा छोटा नॉब) फिरवताना मीटरवर आकडा उड्या मारत होता. ट्रिमरचा पट्टा आतून गंजलेला. तो बदलला, साधा, दहा-वीस रुपयांचा. शिट्टी आली. बाकी पाच आवाजांचे ट्रिमरही त्याच वयाचे आहेत, तेही बदलले आणि मग सगळं ट्यूनिंग पहिल्यापासून.

सहा आवाज पूर्ण एकसारखे केले नाहीत. फिल्टर कानाला एक वाटतील इतपत आणले आणि थांबले. व्हायोलिनच्या प्रोग्रॅमवर सहा सूर धरले की त्यांच्यात जो किंचित फरक उरतो, त्यावरच एन्सेंबल फुलतं. मीटरवर शून्य फरक आणून एकदा पाहिलं, आवाज चपटा झाला, परत सोडलं.

२४ ऑगस्ट

काकांच्या ग्रुपची तालीम, गणपती तीन दिवसांवर. यंत्र तालमीच्या खोलीत नेलं. लॅपटॉपवरून क्लॉक, ऑक्टोपॅडवरून दोन पॅड पॉलिसिक्सच्या ब्रासला. ढोलकीवाल्याने पॅडवर जोर कमी-जास्त करून फिल्टरशी बराच वेळ खेळून घेतलं. घरघर नाही. सलग चालू राहून मागचा भाग कोमट, पूर्वीसारखा चटका नाही.

एक अडचण निघाली. लॅपटॉपवरचं गाणं मध्येच थांबवलं की कधी एखादा सूर अडकून राहतो. सॉफ्टवेअर सूर सोडल्याचा निरोप न पाठवताच थांबतं. "सगळे सूर बंद" हा मिडीचा १२३ क्रमांकाचा निरोप माझा कोड आधीपासून पाळतो, पण सगळी सॉफ्टवेअर तो पाठवत नाहीत. म्हणून क्लॉकचा "थांबा" आला की तक्ता पूर्ण रिकामा, अशी ओळ घातली. आणि डबीवर एक लाल बटण: दाबलं की सगळं गप्प. स्टेजवर लॅपटॉपमध्ये शोधत बसायला वेळ नसतो.

१४ सप्टेंबर

उत्सवाचे कार्यक्रम झाले. यंत्र टेम्पोतून, पावसातून फिरून आलं. उघडून पाहिलं: सॉकेटमधल्या चिपा बसलेल्या, अर्थचा स्क्रू घट्ट, कनेक्टर जागेवर. सेल ३.० व्होल्ट. तिसऱ्या आवाजाचा सूर थोडा उतरला होता, ट्रिमरने वर घेतला. हवेतला दमटपणा कमी झाला की ऑक्टोबरात पुन्हा बघावं लागेल.

रबराची नवी पट्टी आली, टोकाच्या दोन कळा पूर्ण झाल्या. बदललेल्या प्रत्येक भागाची यादी, नव्या तारांचा नकाशा आणि सेल घातल्याची तारीख कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॉवर सप्लायच्या शेजारी चिकटवली. काढलेल्या मूळ चिपा आणि तो उचललेल्या पायाचा रेझिस्टर कसा परत बसवायचा, तेही त्यात आहे. काकांनी बी-२ ब्रासमध्ये नवा बदल करून तो साठवलाय, म्हणून टेपची फाइल आज पुन्हा नव्याने काढली.

उरलेलं काम: पिच-बेंड आणि सस्टेन पेडल. सस्टेन कोडमध्ये होईल, तक्त्यातली कळ पेडल सुटेपर्यंत सोडायची नाही एवढंच. पिच-बेंडला मात्र कळांच्या तारांमधून वाट नाही, त्यासाठी व्हीलच्या व्होल्टेजला हात लावावा लागेल. तिथे कनेक्टर आहे, म्हणजे सोल्डर न करता जमू शकतं. पुढची नोंद त्याची.